लिचीवाल्याला लिहिलेली पत्रं

आमच्या बाबांना टपालानं वस्तू मागवायचा नाद होता. आर्वीच्या मिडल स्कूलमध्ये ते मास्तर होते. शाळेतून आले की चहा घेत मासिकाची शेवटची पानं आधी उघडायचे, कारण जाहिराती तिथं असायच्या. पुढच्या गोष्टी ते कधी वाचत होते की नाही, याची मला आजही शंका आहे. कॅटलॉग फुकट मिळेल असं कुठं दिसलं की पोस्टकार्ड गेलंच म्हणून समजा. आमच्याकडे हार्मोनियमचे, छत्र्यांचे, मधमाशांच्या पेट्यांचे कॅटलॉग होते. हार्मोनियम घरात कोणाला येत नव्हती, आणि मधमाशी दिसली तर बाबाच आधी पळायचे.

कपडे धुण्याचं मशीन आलं तेव्हा मी सातवीत असेन. पुलगावहून येणाऱ्या लहान गाडीनं ते आलं आणि स्टेशनवरून बैलबंडीत घालून घरी आणलं. पत्र्याचं पिंप, खाली लाकडी घोडी, बाजूला फिरवायचा दांडा, आणि वर रबराचे दोन रूळ. धुतलेला कपडा त्या रुळांमधून पिळून निघणार होता. अर्धी गल्ली बघायला जमली. बाबांनी आपला सदरा आणि आईचं लुगडं एकदमच पिंपात टाकलं आणि दांडा फिरवायला घेतला. पाव तासानं ते घामाघूम झाले. सदरा रुळांतून बाहेर आला, त्याची बटनं आतच राहिली. नऊ वार लुगडं रुळाला गुंडाळून बसलं, ते सोडवायला शेजारचे दोघंजण लागले. आईनं ते तसंच उचलून विहिरीवर नेलं आणि पुन्हा धुतलं.

"आता मशीन धून झाली, मी कपडे धून येतो," असं ती जाताना म्हणाली. गल्ली हसली. बाबाही हसले, पण त्याच संध्याकाळी कंपनीला पत्र लिहायला बसले.

उत्तर आलं की कपडे मशीनमध्ये घालण्यापूर्वी बटनं काढून घ्यावीत. बाबांनी विचारलं, लुगड्याचं काय? त्याला उत्तर आलं नाही. तिसऱ्या पत्रालाही नाही. मशीन निकामी निघालं याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही, पण आपल्या पत्राला कोणी उत्तर देत नाही हे त्यांना फार लागलं. पुढं कितीतरी दिवस पोस्टमन गेला की ते उगाच दारात उभे राहायचे. मग मशीनवर पोतं पडलं आणि त्यावर आई पापड वाळवू लागली.

झाडवाल्यांचं तसं नव्हतं. पुण्याकडची एक नर्सरी होती. तिथून प्रत्येक पत्राला उत्तर यायचं, आणि उत्तराखाली नेहमी एकाच माणसाची सही असायची. जांभळी शाई, बारीक अक्षर. गुलाबाला किडे पडले, मोगरा फुलत नाही, असं काहीही लिहा, तो माणूस पानभर समजावून सांगायचा आणि शेवटी घरच्या मंडळींची विचारपूस करायचा. बाबांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तरी शाळेतल्या मास्तरांपेक्षा त्याच्याबद्दल ते जास्त बोलायचे.

त्यांच्याच कॅटलॉगात लिचीचं चित्र होतं. आमच्यापैकी कोणी लिची खाल्ली नव्हती. आमची माती काळी, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वैशाखात अंगणातल्या बादलीतलं पाणीसुद्धा चटका देतं. जांभळ्या शाईनं स्वतःच लिहिलं होतं की आपल्याकडच्या हवेत लिची टिकणं कठीण, विचार करावा. बाबांनी विचार केला आणि दोन कलमांचे पैसे पाठवून दिले. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ते वर्गात फळ्यावर गणित लिहिता लिहिता खाली बसले, ते उठलेच नाहीत.

त्या दिवसांबद्दल मला सांगण्यासारखं फार थोडं आहे. मी नववीत होते. पाणी भरत होते, येणाऱ्यांसाठी सतरंजी टाकत होते, काढत होते. लोक म्हणायचे, पोरगी धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा. मला काही वाटतच नव्हतं. कोणी डोक्यावरून हात फिरवला तर तो हात केव्हा निघतो याची मी वाट पाहायचे. आई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची आणि कोणाशी बोलत नसे.

सहाव्या दिवशी पोस्टमन आला. सुतकाचं घर म्हणून तो फाटकाबाहेरच थांबला. त्याच्या हातात पोत्याच्या तुकड्यात शिवलेलं लांबट पार्सल होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"मास्तरच्या नावाचं रजिस्टर पार्सल हाय," तो मला हळूच म्हणाला. "चार दिवस झाले येऊन. मीच रोज पानी शिंपडून राह्यलो. पन सही मास्तरचीच पायजे. नाई त त्याच्यावर मयत लिहून वापस पाठवा लागते."

जाम गावाहून आलेले माझे काका ओट्यावर बसले होते. त्यांनी बसल्या जागेवरून हात हलवला. "पाठवून दे वापस. मानूस गेला, आता झाडं कोनाले पायजे? आन् सुतकात काई घेत नसतात."

पोस्टमननं मान हलवली आणि पेन्सिल काढली. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. सहा दिवसांत ती पहिल्यांदाच बोलत होती, त्यामुळे आवाज चिरका निघाला.

"मयत लिहू नोको म्हना त्याले. पोरी, सही कर. त्यायच्या नावानं कर."

काका काहीतरी म्हणाले. पोस्टमननं माझ्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, आणि पावती फाटकाच्या फळीवर ठेवली. शाळेच्या चिठ्ठ्यांवर मी बाबांची सही आधीही करून पाहिली होती, चोरून. आता उघड्यावर केली. पोस्टमन म्हणाला, "हे कोनाले सांगजो नोको, बाई. माही नोकरी जाईन." मी बरं म्हटलं.

सुतक फिटायच्या आधीच आईनं न्हाणीच्या मागं दोन खड्डे केले, म्हणजे आंघोळीचं पाणी झाडांना मिळेल, आणि कलमं लावली. काका तेराव्यापर्यंत तिच्याशी धड बोलले नाहीत. बोलले नाहीत तरी नंतर गावाहून ज्वारी आणि तूर पाठवत राहिले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

एक कलम दिवाळीच्या आतच वाळलं. कॅटलॉगात लिहिलं होतं की तीन महिन्यांत कलम मेल्यास गिऱ्हाइकानं कळवावं, दुसरं पाठवू. एका दुपारी आईनं माझ्यापुढं दौत आणि कागद ठेवला.

"लिही त्यायले. एक मेलं म्हून."

"कोणाच्या नावानं लिहू?"

ती माझ्याकडं अशी पाहत राहिली की जणू मी काहीतरी मूर्खासारखं विचारलंय. मग म्हणाली, "पार्सल कोनी घेतलं? ज्यायनं घेतलं त्यायच्याच नावानं लिहा लागन. नाई त त्या पोस्टमनची नोकरी नाई जाईन?"

मला ते पटलं. पटलं म्हणजे, भांडायची इच्छा नव्हती. बाबांची पत्रं सुरू व्हायची तशीच, त्यांच्यासारखं अक्षर काढत मी सुरुवात केली, 'सा. न. वि. वि.', आणि लिहिलं की माझ्या दोन कलमांपैकी एक दगावलं. शेवटी थांबले, तेव्हा आई म्हणाली, "आन् लिही, प्रकृती ठीक हाय."

मी लिहिलं, माझी प्रकृती ठीक आहे. सही केली. पत्र पेटीत टाकलं, येताना दुकानातून गूळ आणला.

पंधरा दिवसांत दुसरं कलम आलं, सोबत जांभळ्या शाईचं पत्र. बऱ्याच दिवसांत आपलं पत्र नव्हतं म्हणून काळजी वाटत होती, प्रकृती ठीक असल्याचं वाचून बरं वाटलं, असं त्यात होतं. पुढं विचारलं होतं, पानांच्या कडा करपतात का? पाणी कोणत्या वेळी देता? आईनं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिला वाचता येत होतं, तरीही.

मग ते चालूच राहिलं. महिन्या-दीड महिन्याला एक पत्र. कडा करपल्या की नाही ते बघायला मला रोज न्हाणीमागं जावं लागायचं. झाडांचं मी लिहायचे आणि बाबांचं आई सांगायची. सुरुवातीला नुसती प्रकृती होती. नंतर तिनं बाबांना चष्मा लावला. "लिही, आताशा बारीक अक्षर दिसत नाई, म्हून चष्मा घेतला." पुढच्या पत्रात जांभळ्या शाईनं अक्षर मोठं काढलं, मास्तरांना वाचताना त्रास नको म्हणून. ते पाहून आई हसली होती. मग बाबांना थंडीताप आला, उतरला. शाळेतल्या नव्या हेडमास्तरशी त्यांचं पटेना. गुडघा दुखायला लागला, तेव्हा मात्र मी म्हटलं, "कशाले दुखवतं त्यायचा गुडघा?" आई म्हणाली, "वय झालं की दुखतेच." बाबा गेले तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. पत्रांत ते हळूहळू म्हातारे होत होते.

मला राग यायचा. आईचा, त्या चांगल्या माणसाचा, लिचीचा तर फारच. दोन उन्हाळ्यांत एक काडी वाळून गेली, दुसरीला टीचभर पानं राहिली, आणि तेवढ्यासाठी मी चार-चार पानं लिहायची. पण राग यायचा आणि हातापर्यंत यायच्या आत विरून जायचा. हात लिहीत राहायचा. या काळात मी मॅट्रिक झाले, आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तो पोस्टमनही बदलून दुसऱ्या गावी गेला. आता कोणाची नोकरी जाणार नव्हती. हे मला कळत होतं आणि आईलाही कळत असणार. तरी पत्रं जात राहिली.

माघातली गोष्ट. दुपारचे बारा वाजले असतील. दारात एक गृहस्थ उभे होते. डोक्यावर काळी टोपी, कोटाला धूळ, हातात ओल्या पोत्यात बांधलेलं एक कलम. मास्तर इथेच राहतात ना, असं त्यांनी विचारलं आणि आपलं नाव सांगितलं. ते नाव मी दोन वर्षं पाकिटांवर लिहीत होते.

"नागपूरला प्रदर्शनाला निघालो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, इतक्या जवळून जातोय तर पुलगावला उतरावं आणि मास्तरांना भेटून जावं. आहेत का घरी?"

"घरी नाहीत," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"हरकत नाही. माझी गाडी संध्याकाळची आहे. थांबतो मी." आणि ते ओट्यावर बसलेसुद्धा.

मी आत गेले. आई चुलीपाशी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "आता सांगून टाकतो मी." ती उठून देवघराकडे गेली. मी त्यांना पाणी नेऊन दिलं, बैठकीत बसवलं. ते लिचीची चौकशी करत होते आणि मी उत्तरं देत होते. तोंड उघडून सांगायचं एवढंच होतं. दोन शब्दांचं काम. मी जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली.

तिच्या कपाळावर कुंकू होतं. देवीच्या करंड्यातलं, नेहमीपेक्षा थोडं मोठंच, गोल. पदर तिनं गळ्याभोवती घट्ट घेतला होता, म्हणजे गळा दिसू नये, आणि कपबशी पदराच्या टोकानं धरली होती, म्हणजे मनगटं दिसू नयेत. बाबा गेल्यापासून मी तिला असं पाहिलं नव्हतं. मी आधी धावत जाऊन पुढचं दार लावलं. गल्लीतल्या एखाद्या बाईनं पाहिलं असतं तर आम्हाला आर्वीत राहणं कठीण झालं असतं. दार लावल्यावर मग मी तिच्याकडं नीट पाहिलं. ती सुंदर दिसत होती. दुसरा शब्द नाही.

"नमस्कार वहिनी," ते उठून म्हणाले. "मास्तर कुठं लांब गेले आहेत का?"

"वर्ध्याले गेले," आई म्हणाली. "शाळेचं काम होतं. येतीनच आता."

नंतर आम्ही तिघं त्यांची वाट पाहत बसलो.

दुसरं काय म्हणू त्याला? एक वाजला, दोन वाजले. आईनं त्यांना जेवायला वाढलं, बेसन-भाकर आणि वांग्याची भाजी. त्यांनी न्हाणीमागं जाऊन लिची पाहिली आणि कपाळाला हात लावला. "दोन वर्षं हिच्यासाठी मास्तरांनी इतकी पत्रं लिहिली? मी तर पहिल्याच उन्हाळ्यात नाद सोडायला सांगणार होतो, पण ते इतक्या आस्थेनं लिहायचे की धीर होईना." त्यांनी सोबत आणलेलं चिकूचं कलम तिथंच ठेवलं. "हे लावायला सांगा, तुमच्या मातीत येईल." मग चष्म्याचं विचारलं. आई म्हणाली, आता बरं दिसते त्यायले. गुडघ्याचं विचारलं. आई म्हणाली, तेल लावून देतो मी रोज. ती हे सहज बोलत होती. चेहऱ्यावर ताण नव्हता. बाहेर बंडी वाजली, तेव्हा त्या गृहस्थांनी दाराकडं पाहिलं. आईनंही पाहिलं. मीही पाहिलं, आणि ते देखाव्यासाठी नव्हतं, मी खरंच पाहिलं होतं.

मधे शेजारच्या काकूंनी हाक मारली, विरजण मागायला. आई जागची हलली नाही. मी मागच्या दारानं वाटी देऊन आले.

चार वाजता ते उठले. "माझं दुर्दैव," म्हणाले. "वहिनी, मास्तरांना माझा नमस्कार सांगा. एवढी पत्रं येतात माझ्याकडं, पण सगळी झाडांबद्दल. मास्तर एकटेच, जे घरचं लिहितात."

आई म्हणाली, "सांगतो."

मी त्यांना स्टेशनच्या रस्त्यापर्यंत पोचवायला गेले नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी तिथं सांगून टाकलं असतं, आणि आईनं एवढं केल्यावर ते मला करायचं नव्हतं. दारातून रस्ता दाखवला. ते गेले. मी दार लावून घेतलं.

आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. काकू वाटी परत द्यायला कधीही आल्या असत्या. मी म्हटलं, "आई, पुसून टाक नं आता ते."

तिनं हात कपाळाजवळ नेला आणि खाली आणला. पुन्हा नेला, पुन्हा आणला.

"मले नाई होत," ती म्हणाली. "तू पूस."

बाबा गेले त्या दिवशी हे काम गल्लीतल्या बायांनी आतल्या खोलीत केलं होतं. मला तेव्हा बाहेर बसवून ठेवलं होतं. आज घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तिच्या पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिनं डोळे मिटून तोंड वर केलं, मी लहानपणी तोंड धुवून घेताना करायचे तसं. पहिल्यांदा मी पुसलं तेव्हा ते नुसतं पसरलं. सगळं कपाळ लाल झालं.

"जोरानं पूस," ती डोळे न उघडता म्हणाली. "आन् उद्या लिहून टाक त्यायले."

"काय लिहू?"

"गेले म्हून."

मी जोरानं पुसलं. तीनदा पदर भिजवला, पिळला, पुन्हा पुसलं, तिची कातडी ओढली जात होती तरी पुसलं. दोन वर्षं मला काही वाटत नव्हतं. कुंकू तिच्या कपाळावरून निघालं तेव्हा मला कळलं की माझे बाबा मेले आहेत, आणि ते आत्ता, माझ्या हातानं मेले.